थांब रे, उतरून राहिले मी

पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात नोकरी केली. भुताखेताचा विषय निघाला की चहा संपवून उठणारा मी माणूस... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही लातूरजवळ मुरुडला राहतो. मी आणि माझी बायको सुमन, वय अडुसष्ट. गेल्या उन्हाळ्यात लातूरहून काळ्या-पिवळ्या जीपनं परत येत होतो. आमच्या फाट्यावर मी आधी उतरलो. सुमनचा एक पाय जमिनीवर, एक अजून गाडीत — आणि ड्रायव्हरनं, बाळूनं, गाडी पुढं काढली.

"थांब रे, उतरून राहिले मी!" ती माहेरच्या वऱ्हाडी बोलीत ओरडली, आणि पडलीच. खुब्याचं हाड मोडलं.

बाळू खिडकीतून मागं बघून हसला. "म्हातारे, जमत न्हाई तर घरी बसावं की!"

ऑपरेशन झालं, पण पाय वाकडा, आखूड राहिला. संडासला जायलाही माझा हात लागायचा. दुपारभर खाटेवर पडून ती एकच म्हणायची, "त्या फाट्यावरून त्याची गाडी सुखानं जाऊ नये."

दोन महिन्यांनी बाजारात ऐकलं — फाटा आला की बाळूच्या गाडीत म्हणे बाईचा आवाज येतो. तो ब्रेक मारतो, तर उतरणारं कुणीच नसतं. मला वाटलं, बाता. खात्री करायला एका दुपारी लातूरहून त्याच्याच गाडीत मागं बसलो.

फाटा आला... आणि अगदी कानाशी, "थांब रे, उतरून राहिले मी!"

सुमनचा आवाज! सेहेचाळीस वर्षं ऐकलेला. शेजारच्या दोन शिक्षिकांनीही दचकून मान वळवली. बाळूनं करकचून ब्रेक दाबला.

मी धावतच घर गाठलं. शेजारच्या शकीलाभाभी सुमनच्या उशाशी बसलेल्या. म्हणाल्या, "काकी बारा वाजल्यापासून झोपल्यात. लई गाढ. कूससुद्धा बदलली न्हाई."

पुढं बाळूच्या गाडीत कुणी बसेना. एक दिवस तो घरी आला, सुमनच्या पायाशी बसला. "मावशी, चुकलं माझं. तेवढा आवाज थांबवा."

ती शांतपणे म्हणाली, "आधी माझा पाय सरळ करून दे."

मीही त्याला पाणी विचारलं नाही. महिन्याभरात त्यानं गाडी विकली. नव्या मालकाला काहीच ऐकू येत नाही म्हणे.

आवाज कुठून यायचा, मला आजही कळलेलं नाही. सुमनला विचारावं असं खूपदा ओठांवर येतं. पण बाळू उठून गेला त्या दुपारी, कित्येक महिन्यांनी ती पहिल्यांदा पोटभर जेवली... ते आठवतं, आणि मी गप्प बसतो.