ताऱ्याची खबरबात

आमच्या शेजारच्या काकांइतका ताऱ्यांचा जाणकार उभ्या कर्जत तालुक्यात नसेल, आणि त्यांच्याइतकं आकाशाकडे कमी बघणारा माणूसही नसेल. निवृत्त होऊन ते भिसेगावात आले ते काकूंना, लॅपटॉपला आणि एका मेलेल्या ताऱ्याला घेऊन. हा तारा डोळ्यांना दिसत नाही. त्याचे क्ष-किरण आपल्या हवेतून खाली पोचतच नाहीत. वर फिरणारा उपग्रह ते टिपतो, आणि काका पडदे ओढून त्यांचे आलेख काढत बसतात. तारा केवढा, तर "इथून निघालात की खोपोलीच्या थोडं पुढे संपला!" वजन मात्र सूर्याहून जास्त. शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खाताखाता तो तापला, खाणं थांबलं, आता हळूहळू निवतोय. गरगर फिरताना नाडीसारखे ठोके देतो, तेही काका मोजतात. हे सगळं ते मला जिन्यात सांगत, माझ्या हातातलं दूध नासेपर्यंत.

ठाकुरवाडीहून रानभाजी आणणाऱ्या बाईनं यातून एवढंच घेतलं, की काकांच्या ताऱ्याला ताप आहे. पाटी टेकवायच्या आधी ती विचारायची, "काका, तारा कसा हाय? उतरला का ताप?"

"उतरतोय."

"बरं झालं बाय. जपा त्याला."

"अगं, निवणं म्हणजे बरं होणं नव्हे!" काका ओरडत, आणि आत काकू हसून हसून बेजार होत. पुढे सगळी सोसायटीच ताऱ्याची चौकशी करू लागली.

मग काकूंना तापानं धरलं. पनवेलला दवाखान्यात ठेवलं, तरी तो हटेना. काका डबा घेऊन निघाले, की आम्ही विचारायचो, "काकू कशा आहेत?" आणि काका सांगायचे, "नवीन निरीक्षण आलंय. आलेख खाली येतोय, पण फार सावकाश." मला असा संताप यायचा! बायको तिकडे पडलीय, आणि या माणसाला तारा सुचतोय. पुढे त्यांच्या मुलीनं सांगितलं, की आई दवाखान्यात गेल्यापासून बाबांनी लॅपटॉप उघडलाच नव्हता.

काकू गेल्या. दहावं-तेरावं आटोपल्यावर भाजीवाली आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं नेहमीसारखी ताऱ्याची खबर विचारली.

"ती गेली गं," काका दारातूनच म्हणाले.

"काकी? आन् मला कुनी सांगितलं नाय?" ती पाटीसकट खालीच बसली. काकाही तिच्यासमोर उंबऱ्यावर बसले आणि पोटभर रडले.

आता ते मला जिन्यात गाठतात ते काकूंबद्दल सांगायला. काकूंची भांडणं, काकूंचं हसणं, काकूंनी नासवलेली आमटी. मी दूध हातात धरून सगळं ऐकते. वर कुठेतरी तारा निवतच असेल. पण तो आता कसा आहे, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.