टाका मारण्याआधीची हाक

माझी वेल्डिंगची शेड गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत आहे. मी चौथी शिकलेला माणूस. बायको जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा इंजिनिअरिंगची तीन पोरं आली, दोन मुलगे आणि एक मुलगी. शेवटच्या वर्षासाठी त्यांना नागली, म्हणजे नाचणी, मळायचं यंत्र करायचं होतं. मुलगी सुरगाण्याकडची, तिची आई अजून नागली काठीने झोडपते. माझं कशातच मन नव्हतं. म्हटलं, वापरा शेड, डोकं खाऊ नका.

आठवडाभर बरं चाललं. मग त्यातल्या नाशिकच्या मुलाने कॉलेजात मॅडमना ड्रॉइंग दाखवलं आणि म्हणाला, मी काढलं. ड्रॉइंग मुलीचं होतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. तिसरा मधे अडकला.

"त्याला सांग, अँगल वर घे."

"तिला सांग, मला डोळे आहेत."

"मी काय पोस्टमन आहे का रे तुमचा?"

मी ऐकत होतो. बोलायला हवं होतं, बोललो नाही.

आमच्या कामात एक जण लोखंड धरतो, दुसरा टाका मारतो, म्हणजे जोड पक्का करण्याआधी वेल्डिंगचा ठिपका देतो. मारणाऱ्याच्या तोंडासमोर काळी काच असते, धरणाऱ्याच्या नसते. म्हणून मारणाऱ्याने आधी ओरडायचं, "डोळे!" मग धरणारा मान फिरवून डोळे मिटतो. पहिल्याच दिवशी मी हे शिकवलं होतं.

त्या दुपारी तिसरा चहा आणायला गेला. ती लोखंडी अँगल धरून उभी, नाशिकचा वेल्डिंगचा होल्डर घेऊन. निरोप न्यायला कोणी नाही, म्हणून हा बोललाच नाही. चार टाके मारले. तीही हट्टी. अँगल सोडला नाही, ओरडली नाही. मी पाहिलं तोवर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. डोळे सुजले होते, वाळू गेल्यासारखे खुपत होते. डॉक्टर म्हणाले, नजर जाणार नाही, पण तीन दिवस अंधारात राहा.

"ती गावी चालली," तिसरा म्हणाला. "म्हणते, यंत्र गेलं उडत." नागलीचं कणीस किती मार सोसतं, ते तिलाच ठाऊक. ती गेली की यंत्र संपलं.

नाशिकचा म्हणाला, "काका, चुकून झालं."

"चुकून नाय. माजाने झालं."

मग मी त्याला सांगितलं, जे तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं माझी बायको लोखंड धरायची. शेवटी भांडलो ते भाजीतल्या मिठावरून. चार दिवस अबोला. तरी काम आलं की ती येऊन धरायची, मी "डोळे" म्हणायचो, ती मान फिरवायची. बस, तेवढंच. तिच्या छातीत दुखत होतं. शेजारणीला बोलली, मला नाही. पाचव्या सकाळी उठलीच नाही.

"जा," म्हटलं, "शिव्या खाऊन ये तिच्या. पण तोंडाने बोल."

तो गेला. तिथे काय झालं, मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती काळा चष्मा लावून आली आणि गुपचूप अँगल धरला.

"डोळे!" तो केवढ्यांदा ओरडला. "डोळे! डोळे!"

"बहिरी नाय झाले मी. आंधळी होत होते."

तिसरा फिसकन हसला.

"आणि मॅडमना सांग, ड्रॉइंग कोणाचं ते."

"उद्या सांगतो."

"आज."

त्याने तिथूनच फोन लावला. पुढे ड्रमच्या वेगावरून दोघं पुन्हा कडाकडा भांडले, पण समोरासमोर. मी थांबवलं नाही. फक्त "डोळे" अशी हाक आली की बाहेर पायरीवर जाऊन बसायचो. त्या शेडमध्ये ती हाक ऐकवत नव्हती.

यंत्र झालं, टेम्पोत घालून नेलं. आता मी बारीकसारीक कामं घेतो, क्लॅम्प लावून एकट्याने होणारी. क्लॅम्पला हाक द्यावी लागत नाही.