बिबड्यांची नोटीस

जळगावला आम्ही सामाईक गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या, म्हणून शेजारच्या शेठजींनी वकिलाची नोटीस पाठवली. वडील भडकले. मी मात्र ती परतपरत वाचली. ‘सदर मुलगी कावळे हाकताना गाते, मधूनच स्वतःशी हसते, तेणेकरून आमचे अशिलास उपद्रव होतो.’ अहो, शेठजी दिवसभर दुकानात, शिवाय ठार बहिरे! मग हे टिपलं कुणी? समोरच्या माडीवर नवी पाटी लावलेल्या त्या तरुण वकिलानंच! मला हसू आवरेना. वडिलांनी सांगितलेलं उत्तर मीच लिहून काढलं आणि शेवटी गुपचूप एक वाक्य घुसडलं: ‘उपद्रवाची पाहणी करण्यास वकिलांनी समक्ष यावे.’

मेला दुसऱ्याच दिवशी हजर! लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, पाहणी अजून चालूच आहे.