अठ्ठेचाळीस खणांचे ट्रे

घड्याळाच्या दुकानात काय काय साठत जातं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. काटे नसलेल्या डायली, एकेकटे पट्टे, कुठल्या घड्याळाचा ते कोणालाच आठवत नाही असा एखादा स्क्रू. किस्सेही तसेच साठतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत. आम्ही चार जणी बसलो की कोणीतरी म्हणतेच, "सुनंदा, तुह्या दुकानातलं सांग ना काही." मग मी सुरू होते.

दुकान माझं नाही, कादरभाईंचं. अहेरीत, बाजाराच्या रस्त्याला. मी तिथे सोळा वर्षं काम करते. त्याआधी घरी शिवणकाम करायचे. एकदा कादरभाई पायजाम्याचं कापड घेऊन आले आणि मी बारीक सुईत एका झटक्यात दोरा ओवला, तेवढं त्यांनी पाहिलं. पायजामा राहिला बाजूला. म्हणाले, "बाई, तुमचा हात कापडात वाया जाऊन राह्यला."

त्या दुकानात घड्याळांपेक्षा ट्रेंचं कौतुक जास्त. आलापल्लीच्या एका सुताराकडून सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांचे करून घेतलेले. वर काचेचं झाकण, आत नखाएवढे अठ्ठेचाळीस खण. एका खणात एका मापाचे स्क्रू, दुसऱ्यात काटे, तिसऱ्यात मोहरीएवढी दातेरी चाकं. असे अकरा ट्रे. कादरभाई स्वतःच्या जेवणाचा डबा दुकानात विसरतील, पण ट्रेचं झाकण उघडं टाकून उठणार नाहीत.

*

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नियम सांगितला. ट्रे उघडा असला की पंखा बंद, बोलणं बंद, श्वास नाकाने.

त्या दिवशी एक नर्सबाई घड्याळ घेऊन आल्या. त्यांना एटापल्लीची बस पकडायची होती, वेळ अर्ध्या तासाचा. कादरभाईंनी घड्याळ खोललं, पुर्जे ट्रेमध्ये मांडले, आणि नेमकी बाजूच्या खानावळीत लाल मिरचीची फोडणी पडली. मी नाक दाबलं, तोंड दाबलं, काही उपयोग झाला नाही. शिंकले ते थेट ट्रेवर.

कादरभाई फक्त म्हणाले, "हलू नका कोणी."

आम्ही तिघं गुडघ्यांवर. नर्सबाईसुद्धा, पांढऱ्या साडीत. एक एक पुर्जा सापडत गेला, पण एक स्क्रू काही मिळेना. बाहेर बसचा हॉर्न वाजायला लागला. माझ्या मनात आलं, पहिला आठवडा तोच शेवटचा. तेवढ्यात नर्सबाई कादरभाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, मान वर करा जरा." आणि टाका काढावा तसा त्यांनी चिमट्याने कादरभाईंच्या दाढीतून स्क्रू काढला.

बस मिळाली. मला कामावरून काढलं नाही. मात्र तेव्हापासून ट्रे उघडायच्या आधी कादरभाई खानावळीकडे तोंड करून विचारतात, "आज फोडणी कायची हाय?"

*

जुन्या चावीच्या घड्याळांवर लिहिलेलं असतं, सतरा ज्वेल्स. हे ज्वेल्स म्हणजे लाल रंगाचे, खसखशीएवढे खडे. चाकांचं टोक झिजू नये म्हणून बसवलेले. सोनाराला विचाराल तर हातातही घेणार नाही.

पण गावात एकदा कोणीतरी बोललं की घड्याळात हिरे असतात, की संपलं. एका बाजाराच्या दिवशी एक जण तणतणत आला. महिनाभरापूर्वी आम्ही त्याचं घड्याळ साफ करून दिलं होतं. म्हणाला, "माहे हिरे काढून घेतले तुमी."

दुकानासमोर माणसं जमायला वेळ लागला नाही. मागून आवाज यायला लागले, "पोलिसात द्या", "दुकान बंद करा." एकाने काउंटरवर हात आपटला तसा ट्रे हलला. मी घाबरले होते. कादरभाईंनी शटरकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल पुढे ओढलं आणि त्या माणसाला म्हणाले, "बसा. डोळ्याले हे भिंग लावा. मी खोलतो, तुमी पाहा."

दोन तास लागले. कादरभाई एक एक भाग काढायचे, ट्रेच्या खणात ठेवायचे, आणि चिमट्याच्या टोकाने दाखवायचे, "हा एक. हा दोन." गर्दी आपोआप गप्प झाली. नंतर नंतर तर सगळेच मोजायला लागले. पंधराव्या खड्यानंतर पुढचा लवकर दिसेना. मग एका पट्टीच्या खाली दोन सापडले. सतरा!

त्या माणसाने भिंग काढलं, घाम पुसला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, आता असंच अजून एकडाव करता का? बायकोले आनतो. तिनंच मले धाडलं."

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही.

घड्याळाचे सेल, ते बटणासारखे चपटे, त्यांचा एक ट्रे होता. खणात पाच-पाच. एक आशाताई, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या, सेल टाकायला आल्या, बरोबर चार वर्षांची मुलगी, आरोही. काम झालं, त्या गेल्या. मी झाकण लावायला गेले तर एका खणात चारच. ट्रे काउंटरवर मीच उघडा ठेवला होता. कादरभाई नमाजाला गेले होते, ते परत येऊन दारात उभे. मायलेकी त्यांना वाटेतच दिसल्या होत्या.

"पाच होते," मी म्हणाले.

त्यांनी जमिनीवर शोधलंच नाही. "पोरगी कोन्या बाजूनं उभी होती?" एवढंच विचारलं आणि स्कूटर काढली. मी मागे बसले.

आशाताई ऑटो स्टँडवर सापडल्या. आरोही मांडीवर, हातात बिस्किट, पण ते खात नव्हती. कादरभाईंनी विचारलं, "बेटा, गोल गोल काही खाल्लं का?" तिने मान हलवली. नाही. आईला राग आला. "पोरीले काऊन घाबरवून राह्यले? चांगली तर हाय." ऑटो भरला होता, ड्रायव्हर घाई करत होता.

कादरभाईंनी हात जोडले. "ताई, माह्यी चूक निघाली तर चार लोकांत मले चप्पल मारा. पन आधी फोटो काढू."

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. मला काही सांगायची गरज पडली नाही. घशाच्या खाली गोल, कडेला दुहेरी रेघ. ती दुहेरी रेघ सेलचीच खूण, हे मला पुढे कळलं. डॉक्टर म्हणाले, "इथे निघणार नाही, चंद्रपूरला न्यावं लागेल. अन् सेल घसा जाळायला लागायच्या आत." मग म्हणाले, "घरात मध आहे कोणाच्या? दर दहा मिनिटांनी दोन चमचे द्यायचा वाटेत, जळणं लांबतं त्यानं. थांबायचं मात्र नाही कुठे."

अहेरीत जंगलाचा मध कोणाकडे नाही? समोरच्या दुकानातून बाटली आली. ॲम्ब्युलन्समध्ये आशाताई मुलीला घेऊन, मी चमचा घेऊन, आणि कादरभाई मनगटावर नजर रोखून. रस्ता असा की चमचा तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडायचा. आलापल्ली गेलं, आष्टी गेलं. कादरभाई दुसरं काही बोललेच नाहीत. फक्त "द्या." परत दहा मिनिटांनी, "द्या." नंतर मुलीच्या तोंडातून लाळ यायला लागली तेव्हा आशाताईंनी माझा हात धरला, तो चंद्रपूरपर्यंत सोडला नाही.

सेल दुर्बीण घालून काढला. घशाला जखम झाली होती, पण थोडक्यात. काही दिवस ती दुधावर राहिली आणि घरी आली.

त्या दिवसापासून सेल कुलपात. आरोही आता तिसरीत आहे. आईबरोबर दुकानात येते, शहाण्यासारखी उभी राहते, आणि निघताना कोणी न सांगता आमच्याकडे वळून मोठा आ करून दाखवते.

*

चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी दुकान बंद केलं आणि आपला सगळा जुना माल कादरभाईंना देऊ केला. आणायला मी गेले. येताना बसमध्ये मांडीवर मोठा ट्रे, पिशवीत सेल, तारेची गुंडाळी, कमान्या म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगा, पंधरा-वीस बंद घड्याळं. आपण काय घेऊन चाललोय याचा मी विचारच केला नव्हता.

आष्टीच्या पुढे नाकाबंदी लागली. जवान आत चढला. बाहेरच्या राज्यातला, वयाने माझ्या भाच्याएवढा. "ये क्या है?"

"घड़ी के पुर्जे हैं, साहब."

त्याने काचेतून पाहिलं. मग पिशवी उघडून पाहिली. सेल, तार, घड्याळं. त्याचा चेहरा बदलला. दुसऱ्या मिनिटाला सगळी बस खाली, रस्त्याच्या कडेला, चांगली लांब. मी मात्र ट्रेजवळ. त्यांचे साहेब आले. म्हणाले, "एक एक खाना खोलो. धीरे."

मी ट्रे डांबरावर ठेवून बसले. एक एक खण उघडा करून दाखवू लागले. हा काटा. हे चाक. ही कमानी. बंदुका माझ्यावर रोखलेल्या नव्हत्या, पण खालीही केलेल्या नव्हत्या. बसमधल्या चाळीस माणसांच्या डोक्यात एकच शब्द होता आणि तो कोणी उच्चारत नव्हतं.

तो तानाबाईंनी उच्चारला. त्या अहेरीच्याच, भाजीवाल्या, आमच्या ओळखीच्या. उन्हात उभं राहून कंटाळल्या असाव्यात. तिथूनच मोठ्याने म्हणाल्या, "ओ साहेब, माहं घड्याळ तीन महिन्यांपासून इच्यापाशी पडून हाय. ते इच्यानं चालू होऊन नाई राह्यलं, इच्यानं बॉम्ब काय चालू होते?"

सगळे थिजले. साहेबांनी कंडक्टरकडे पाहिलं. "क्या बोल रही है?" कंडक्टरने घाबरत घाबरत हिंदीत सांगितलं. साहेब क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

बस सुटली. तानाबाईंचं घड्याळ मी दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी घेतलं.

*

हे अलीकडचं.

वर्षभरापूर्वी कादरभाई माझ्याकडून डायलीवरची नावं वाचून घ्यायला लागले. "कंपन्या अक्षरं लय बारीक करून राह्यल्या," म्हणायचे. मग एकदा डोळे दाखवायला चंद्रपूरला जाऊन आले. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर "चष्मा बदला म्हनले." चष्मा काही बदलला नाही.

काम मात्र तसंच चालू होतं. त्यांची पद्धत ठरलेली. खोललेल्या घड्याळाचा पहिला पुर्जा डावीकडच्या पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात, आणि जोडताना उलट्या क्रमाने. हात आपोआप जायचा.

त्या दिवशी सावली गावचे एक निवृत्त गुरुजी आले होते. वडिलांनी दिलेलं चावीचं घड्याळ होतं. एवढ्या लांबून आलेले, म्हणून समोर बाकावरच बसून राहिले. घड्याळ खोलून झालं. कादरभाई घड्याळाच्या तेलाची बाटली आणायला मागे गेले, तेवढ्यात मी ट्रेखालची धूळ पुसली आणि ट्रे परत ठेवला. उलटा. डावी बाजू उजवीकडे. त्यात काही बिघडेल असं माझ्या मनातही आलं नाही, कारण कोणालाही ते बघताक्षणी कळलं असतं.

कादरभाई बसले. भिंग डोळ्याला. हात खणात गेला, स्क्रू उचलला, बसवला, पिळला. आखूड स्क्रूच्या जागी लांब. मला बारीक आवाज आला, कट्. डायल खालून वर उचलली गेली. चारच्या आकड्याजवळ फोड आल्यासारखी.

त्यांचा हात थांबला. बोटं खणांवरून फिरायला लागली. इकडे, तिकडे. भिंग डोळ्यालाच होतं, पण मान ट्रेकडे नव्हती, समोरच्या भिंतीकडे होती.

"काही झालं का?" गुरुजींनी विचारलं.

मी ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि आवाज न करता सरळ फिरवला. कादरभाईंची बोटं पहिल्या खणापाशी गेली, थांबली. मग त्यांनी लांब स्क्रू काढला, आखूड लावला, सगळं घड्याळ जोडलं. ते चालू झालं. त्यांनी ते गुरुजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गुरुजी, माह्या हातून डायलीले खराबी झाली. चारपाशी."

गुरुजींनी कानाला लावून पाहिलं. "चालते ना? मग झालं," म्हणाले, आणि मनगटावर बांधून गेले.



दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी दुकान उघडलं. कानस घेतली. अकराही ट्रेंच्या डाव्या कोपऱ्याला, समोरच्या कडेला, बोटाला लागेल एवढी खाच पाडली. भुसा पुसून टाकला आणि सगळे ट्रे होते तिथे ठेवले.

कादरभाई आले. "जयभीम, बाई," म्हणाले, बसले. पहिला ट्रे पुढे ओढला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. खाचेपाशी अंगठा थांबला. त्यांनी दुसरा ट्रे ओढला. मग तिसरा. एक एक करून अकराही.

मग भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "बाई, चहा सांगा."