रुमालावरचा परका रंग

जगात कोणावरही विश्वास न ठेवता माणूस अगदी सुखाने जगू शकतो, हे मला माझ्या आत्याने शिकवलं. रिसोडच्या स्टँडवर मेडशीची पाटी लावलेल्या एसटीत चढताना ती आधी ड्रायव्हरला विचारते, मग कंडक्टरला, मग शेजारच्या बाईला; आणि गाडी मेडशीला पोचली की दारातच अडून खाली उभ्या असलेल्यांना विचारते, "हे मेडशीच होय ना?" भिंतीवरचं घड्याळ आणि मोबाइल यांची वेळ जुळली, तर दोघांनी संगनमत केलं असणार असा तिला संशय येतो. रिसोडजवळ तिचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, असं सगळं बाजारात नेऊन आयुष्यभर तिने व्यापाऱ्यांशी हुज्जत घातली, त्यामुळे 'नंबर एक माल' असं कोणी म्हटलं की तिचे डोळे आपोआप बारीक होतात.

अशा बाईला शौक जडावा तो लिपस्टिकचा, आणि त्यातही मॅट लिपस्टिकचा. ज्या मालाची जगात सर्वांत जास्त वाहवा होते, तोच नेमका हिच्या तावडीत सापडला. मी वाशीमहून सुट्टीत तिच्याकडे गेले की आम्ही दोघी बाजेवर बसून रील्स पाहायचो. एखादी पोरगी ओठ रंगवून ग्लासभर पाणी प्यायची आणि रंग जरासुद्धा हलला नाही म्हणून आनंदाने किंचाळायची. आत्या रील थांबवून म्हणायची, "ग्लास तोंडाले लावला हे दाखोलं. घोट गिळला हे कुठी दाखोलं?" 'न्यूड' म्हणून गाजलेली एक छटा मी तिला कौतुकाने दाखवली, तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा त आपल्या वाफ्यातल्या मातीचा रंग हाये. फुकट भेटते ते इकत कायले घ्याव?"

तरी ती घ्यायचीच. घेतली की परीक्षा सुरू. आधी वास. मग मनगटावर एक रेघ ओढून दिवसभर मळ्यात वांगी तोडायची. घामाने रेघ पसरली की ती बाद. जी टिकेल तिलाच ओठांवर प्रवेश. मग पांढऱ्या कपात चहा आणि कपाच्या कडेची बारकाईने तपासणी. मग तेल ओतलेला ठेचा आणि भाकर. "पान्यापुढं सारेच टिकतेत," ती सांगायची, "तेलापुढं कोन टिकते ते पाह्य." भाकर संपली की आरशासमोर जाऊन ओठ ताणायचे, आतल्या कडेला पापुद्रे सुटलेत का, भेगांमध्ये रंग साचलाय का ते पाहायचं आणि शेवटी मामाजींच्या पांढऱ्या रुमालावर ओठ दाबायचे. मामाजी म्हणजे तिचे यजमान, अत्यंत अबोल माणूस. त्यांच्या प्रत्येक रुमालावर कुठल्या ना कुठल्या परीक्षेचा निकाल असायचाच. बाजारात घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला की लोक एकमेकांकडे बघायचे, आणि मामाजी शांतपणे घाम पुसायचे. नापास लिपस्टिका आत्या फेकत नसे. त्याच लिपस्टिकांनी ती भाजीच्या पोत्यांवर नाव लिही. रिसोडच्या बाजारात गडद मरून अक्षरांतली पोती दिसली की ती आमची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे असताना ती धुणं धुवत होती. मी दोरीवर कपडे टाकत होते. मागे धोपटण्याचा आवाज एकदम थांबला म्हणून मी वळले. आत्याच्या हातात मामाजींचा रुमाल होता. त्यावर डाळिंबी रंगाचे फराटे होते.

"हा रंग आपल्या घरचा नाही," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. घरात जाऊन तिने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या लिपस्टिका आणल्या आणि एकेक त्या डागाशेजारी घासून पाहिली. एकही जुळेना. मग तिने रुमाल घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि उरलेलं धुणं धुतलं.

त्यानंतर आत्या मामाजींना ताट वाढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. मामाजी जेवताना तिच्याकडे बघायचे, काही बोलायला जायचे आणि पाणी पिऊन उठायचे. एका बसची तीन माणसांकडे चौकशी करणारी बाई ही एवढी गोष्ट नवऱ्याला विचारेना. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, विचारून टाक ना एकदा."

"इचारलं," ती हळूच म्हणाली, "अन् त्याइनं हाव म्हतलं त?"

बाजाराच्या दिवशी मला घेऊन ती थेट तिच्या नेहमीच्या भाभींच्या कटलरीच्या दुकानात गेली. टिकल्या, बांगड्या, लिपस्टिका सगळं तिथेच मिळायचं. आत्याने रुमाल काढून सहज विचारल्यासारखं विचारलं, "या रंगाची हाये का?"

भाभी पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "अहो ताई, आखरी वाली तर भाईसाब घेऊन गेले! दोन्ही हातांना कोपरापर्यंत रंग लावून बसले होते बिचारे. रेघ ओढायची, रुमालाला घासायची. म्हणे, पक्की पाहिजे, आमच्या घरी परीक्षा कडक असते."

आत्याचे कान लाल झाले. पण सवय ती सवय. "कोनासाठी नेली ते बोलले का?" तिने विचारलं.

"अब इतनी कडक परीक्षा और किसके घर में है?" भाभी म्हणाल्या.

घरी आल्या आल्या तिने मामाजींपुढे हात पसरला. "द्या."

मामाजींनी काय ते विचारलं नाही. माळ्यावरच्या बियाण्याच्या डब्यात हात घालून त्यांनी एक छोटं खोकं काढलं. "दिवाळीले देनार होतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पन तू नापास केली असती त? म्हून राहू देली."

आत्याने खोकं उघडलं. वास घेतला नाही, मनगटावर रेघ ओढली नाही. आरसासुद्धा न घेता तिथेच उभ्या उभ्या तिने लिपस्टिक ओठांवर लावली. थोडी ओठांबाहेर गेली.

पुढच्याच आठवड्यात मेडशीला एक लग्न होतं. आत्या डाळिंबी ओठांनी मिरवत होती आणि पंगतीत वरणभाताचे चार घास झाले नाहीत तोवर रंगाचे पापुद्रे सुटू लागले. बुंदीपर्यंत मधला रंग साफ गेला, नुसती कडेची रेघ उरली. इतकी भिकार लिपस्टिक तिच्या हाताखालून कधी गेली नसेल. मी कानाशी लागून म्हटलं, "नापास ना?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर पुरुषांच्या पंगतीतून मामाजी मान उंच करून तिच्या ओठांकडे पाहत होते. त्यांचा हात घासासकट ताटावर थांबला होता. आत्याने पदर तोंडाशी नेला आणि पदराआडून त्यांना हसून दाखवलं.

"जाय, मामाजीले सांगून ये," ती मला म्हणाली. "टिकली म्हनाव."

मी दोन पंगती ओलांडून गेले आणि सांगितलं. मामाजींनी वाढप्याला हाक मारून आणखी बुंदी घेतली, एवढंच.

आता मी पुण्यात नोकरी करते. नवी लिपस्टिक लावून ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायला बसले की कधीकधी माझी मान आपोआप वर होते. समोर सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत जेवत असतात. मग मीही खाली बघते आणि जेवण संपवते.