बहिणीची वार

विद्यापीठात गर्भारपणावर अभ्यास चालायचा, त्यासाठी ती वार गोळा करायची. बाळ जन्मलं की सगळे बाळाकडे धावायचे. ही मात्र मागून पडणाऱ्या वारेकडे. म्हणून बाळंतिणींच्या विभागात तिचं नावच पडलं होतं, वारताई. वार तोलायची, मापायची आणि दहा मिनिटांच्या आत तिचे तुकडे थंडगार नळ्यांत भरायचे. काही बाळं पोटात वाढत का नाहीत, याचा शोध त्यावरून घ्यायचा होता. अकरा वर्षांत तिला एकदाही उशीर झाला नव्हता.

धाकट्या बहिणीचं तीनदा पोट पडलं होतं. चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं अभ्यासात नाव घातलं आणि बजावलं, "ताई, माझी वार तूच घ्यायची."

"अगं, मी काय ती घरी नेणार आहे?"

"तरीपण."

अभ्यास चालवणाऱ्या प्राध्यापकबाईंनी हरकत घेतली नाही. सातव्यापासून बाळ वाढेना. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. आठवा सरता सरता, एका दुपारी मुलगी झाली. मूठभर जीव, पण रडली अशी की सुईण म्हणाली, "हिचा आवाज आधी जन्मला वाटतं!"

वारताई ट्रे घेऊन खिडकीशी गेली. वार नेहमीच्या निम्मी, त्यातही बरीचशी पांढरी, निबर, कामातून गेलेली. उरलेल्या भागावर मात्र निळ्या शिरा पसरल्या होत्या, पाण्याखालच्या झाडाच्या फांद्यांसारख्या. ती बघतच राहिली. वाटलं, आपण त्या झाडाखाली उभ्या आहोत. मंद लाल उजेड आहे. दोन काळजांचे ठोके ऐकू येताहेत, एक संथ, एक लगबगीचा. आधी पडलेल्या त्या तिघांनीही हे ऐकलं असेल?

"वारताई, घड्याळ!" सुईण ओरडली.

चौदा मिनिटं झाली होती. नऊ लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिनं चौदाच लिहिलं.

"बाई, चुकले मी," ती म्हणाली.

"चुकलातच," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "नळ्या वाया गेल्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल. एवढ्याशा वारेवर बाळ तगलं कसं, तेच तर कळत नाही आपल्याला. बसा, पाणी प्या."

तीन आठवड्यांनी बाळ घरी आलं. बहिणीनं विचारलं, "कशी होती गं माझी वार?"

"गुणाची. अर्धी गेली, तरी शेवटपर्यंत राबली."

बहीण हसता हसता रडली. मग लेकीला ताईच्या मांडीवर देऊन, कितीतरी महिन्यांनी, भरदुपारी गाढ झोपली.