फळीवरची मुलं आणि आयत

फारुख शेख नाशकातल्या आमच्या काठे गल्लीतल्या मुलांना रिक्षातून शाळेत नेत असे. माझी नात मोहिनी पहिलीत गेली त्या वर्षापासून आमची ओळख. ओळख म्हणजे सकाळी मी तिचं दप्तर त्याच्या हातात द्यायचो आणि तो 'या साहेब' म्हणायचा. पोस्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला साहेब म्हणणारा तो एकटाच. मी कधी त्याला दुरुस्त केलं नाही.

मुलांना बसवायची त्याची एक पद्धत होती. मोठी मागच्या सीटवर, मधली सीटसमोर आडव्या टाकलेल्या फळीवर, आणि बारकी पुढं त्याच्या दोन्ही बाजूंना. ज्याची त्याची जागा वर्षभर ठरलेली. शाळा सुटली की तो फाटकाशी उभा राहून नुसता 'सीट', 'फळी', 'पुढचे' असं ओरडायचा आणि मुलं त्या क्रमानं येऊन बसायची. जागा भरल्या की निघायचं. नावं घेऊन मोजताना त्याला मी कधी पाहिलं नाही. रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते, असं तो म्हणे.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की तो मुलांना म्हसरूळच्या पुढं एका बुटक्या टेकडीवर नेई. त्याचे पैसे घेत नसे. लहानपणी नांदगावकडे तो बकऱ्या वळायचा. मला म्हणाला होता, "ही पोरं घरातून रिक्षात, रिक्षातून वर्गात. पायाखाली माती कुठं येते यांच्या?"

सत्त्याण्णव साली सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही जा बरोबर. एक मोठं माणूस असलेलं बरं." मी माझी लुना घेऊन रिक्षामागं निघालो.

त्या वर्षी फारुखनं त्याच्या मुलीला, आयतला आणलं होतं. ती सात वर्षांची होती आणि द्वारका चौकाजवळच्या तिच्या शाळेत पायी जायची. वडिलांच्या रिक्षात तिला जागा नव्हती, म्हणून पुढं त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहून आली.

"दोन वर्षं मागं लागलीय," फारुख म्हणाला. "म्हणते, त्यांना नेता, मला का नाय?"

चढ फार नव्हता. वाळलेल्या गवतातली कुसळं मुलांच्या मोज्यांत घुसत होती. "चावतंय!" म्हणून राजू खाली बसला, तर फारुख म्हणाला, "चावत नाय रे. तुझ्याबरोबर नाशकात यायचंय त्याला. बी आहे ते." मग सगळीच आपापल्या मोज्यांतलं कोण कोण नाशकात येतंय ते बघत बसली. वर बोरीची झुडपं होती. आंबट बोरं खाऊन तोंडं वाकडी करण्यात तासभर गेला. एका दगडावर सरडा ऊन खात होता, तर रोशनीनं सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. मी एका बाजूला बसून होतो. मुलांशी काय बोलावं ते मला सुचत नाही.

परतताना फारुखनं हाक दिली, "सीट... फळी... पुढचे!" मुलं रांगेत लागली आणि आम्ही उतरलो. खाली मुलं रिक्षात बसली. फारुखनं सवयीनं आत नजर फिरवली. सगळ्या जागा भरलेल्या. मी लुना चालू करायच्या खटपटीत होतो.

तेवढ्यात मोहिनी म्हणाली, "काका, आयत कुठं बसणार?"

फारुखनं गुडघ्याजवळ पाहिलं. मग टेकडीकडे. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

मी म्हणालो, "तुम्ही जा, मी थांबतो मुलांपाशी."

तो जाण्यासाठी वळला. रस्त्यावरून दिंडोरीकडचे ट्रक जोरात जात होते आणि पुढं बसलेल्या किशोरनं आत्ताच एक पाय रिक्षाबाहेर काढला होता. फारुख थांबला.

"नको साहेब. तुमचं ऐकणार नाहीत ही. तुम्ही तर रागवत पण नाही. लोकांची पोरं आहेत. तुम्हीच जा." आणि अगदी हळू म्हणाला, "जरा लवकर."

मी चढू लागलो. खालून रिक्षाचा भोंगा सारखा वाजत होता. आयतला ऐकू जावा म्हणून फारुख तो दाबत होता. पडक्या विहिरी, साप, नाही नाही ते माझ्या मनात येत होतं. भोंगा थांबला की वाटे, आता तोच येतोय. पण पुन्हा वाजे.

आयत बोरीच्या झुडपामागं बसली होती. पायात काटा मोडला होता आणि चप्पल मांडीवर होती. रडत नव्हती.

"अगं, हाक ऐकली नाहीस का?"

"ऐकली ना," ती म्हणाली. "सीट म्हणाले. फळी म्हणाले. पुढचे म्हणाले." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "आजोबा, मी कशात येते?"

मी काटा काढायला वाकलो. चष्म्यातून नीट दिसेना, तेव्हा तिनंच तो काढला. मग माझं बोट धरून उतरली.

खाली ती फारुखसमोर उभी राहिली. म्हणाली, "सगळी पोरं होती का?"

"होती."

"मग?"

"तू नव्हतीस," फारुख म्हणाला. भोंग्यावरचा त्याचा हात तिथंच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरोघरी जाऊन हे स्वतः सांगितलं. गरज नव्हती. मुलांनी निम्मं सांगितलंही नसतं. एका घरानं रिक्षा बंद केली. सूनबाईही म्हणाल्या, "स्वतःची मुलगी विसरणारा माणूस आपली काय सांभाळणार?" मी घरात सहसा मत देत नाही. त्या दिवशी म्हणालो, "आपली सांभाळण्यासाठीच तो खाली थांबला." मोहिनीची रिक्षा चालू राहिली.

त्या माणसानं बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. मी त्याच्या जागी असतो तर धावत सुटलो असतो, आणि मागं किशोर रस्त्यावर उतरला असता.

पुढच्या सव्वीस जानेवारीला सहल निघेल असं मला वाटलं नव्हतं, पण निघाली. आयतही आली. टेकडीच्या पायथ्याशी फारुख "सीट" म्हणणार, एवढ्यात ती म्हणाली, "अब्बू, थांबा. मी घेते."

तिनं पहिलं नाव स्वतःचं घेतलं. मग एकेकाचं. ज्याचं नाव येई त्यानं हात वर करून 'हजर' म्हणायचं. माझंही आलं, 'लुनावाले आजोबा' असं. मी हात वर केला. शेवटी ती म्हणाली, "अब्बू."

फारुख नुसता उभा होता.

"अब्बू, हजर म्हणा ना."

"हजर," तो म्हणाला. मग आम्ही चढायला लागलो.